अमाल्फीला पहिल्यांदा जाताय? बॅग लहान घ्या आणि रात्री तिथेच रहा

मागच्या वर्षी सप्टेंबरात आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि माझी आई, इटलीला जाऊन आलो आणि त्यातले तीन दिवस दक्षिणेकडच्या समुद्रकाठच्या अमाल्फी गावात काढले. जायच्या आधी मी जे काही वाचलं त्यात अर्धे लोक फोटोबद्दल बोलत होते आणि उरलेले हॉटेलबद्दल, पण बोटीचा धक्का नक्की कुठला, बसचं तिकीट कुठे मिळतं, गुडघे दुखणाऱ्या माणसाला झेपेल का, हे कोणी सांगेना. म्हणून आम्ही जे चुकत चुकत शिकलो ते इथे लिहून ठेवतेय.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बहुतेक लोक अमाल्फीला सकाळी अकराला उतरतात, चर्चच्या पायऱ्यांवर फोटो, लिंबाचं आइस्क्रीम, आणि चारच्या बोटीने परत. तसं केलंत तर तुम्हाला गर्दी दिसेल, गाव दिसणार नाही. आता एवढंसं दिसणारं हे गाव एकेकाळी व्हेनिस, जिनोआ आणि पिसाच्या बरोबरीचं समुद्री प्रजासत्ताक होतं. ८३९ साली ते नेपल्सच्या सत्तेतून सुटलं आणि इथले व्यापारी कॉन्स्टँटिनोपल, इजिप्तपर्यंत जहाजं नेत होते. ते सगळं अजून तिथे आहे, पण किनाऱ्यावर कमी आणि आत जास्त, त्यामुळे वेळ द्यावा लागतो.

१. कधी जायचं

मे, जूनची सुरुवात किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य. ऑगस्ट टाळा, अगदी मुलांच्या शाळेची अडचण असली तरी टाळा, कारण १५ ऑगस्टच्या आसपास अख्खा इटली सुट्टीवर असतो आणि सगळे समुद्राकडे धावतात. हिवाळ्यात गाव शांत असतं पण बरीच हॉटेलं बंद आणि बोटी साधारण एप्रिल ते ऑक्टोबरअखेरच चालतात, मग सगळी भिस्त बसवर.

तारखा जुळत असतील तर २७ जून किंवा ३० नोव्हेंबर बघा. हे दोन्ही दिवस गावाचा पालक संत आंद्रेया याचे. त्याची जड मूर्ती खांद्यावर घेऊन लोक चर्चच्या पायऱ्या पळत चढतात. जूनचा उत्सव १५४४ सालच्या वादळाच्या आठवणीत, त्या वादळाने बार्बारोसा या तुर्की सागरी सेनापतीचं आरमार उधळलं आणि गाव वाचलं म्हणतात. आम्हाला बघायला मिळालं नाही, पण आमच्या घरमालकीणबाई त्याचं वर्णन करताना अशा उभं राहून हातवारे करत होत्या की आपल्याकडे कोणी पालखीबद्दल सांगावं.

२. व्हिसा आणि कागदपत्रं

महाराष्ट्रातून अर्ज मुंबईच्या इटालियन कॉन्सुलेटकडे जातो, कागद आणि बोटांचे ठसे घ्यायचं काम व्हीएफएस ग्लोबल करतं. हा शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच, मोठ्या माणसाला फी ९० युरो (जून २०२४ पासून), वर व्हीएफएसचे चार्जेस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी तरी व्हायलाच हवा, पण १५ दिवसांवर अजिबात विसंबू नका. उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच मिळत नाही.

आम्ही जी फाइल नेली त्यात हे होतं:

- पासपोर्ट: दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी
- फोटो ३५ बाय ४५ मिमी, पांढऱ्या बॅकग्राउंडचा
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, किमान ३०,००० युरो कव्हर, सगळ्या शेंगेन देशांत चालणारा
- जाण्यायेण्याचं फ्लाइट बुकिंग आणि प्रत्येक रात्रीचं राहण्याचं बुकिंग
- बँक स्टेटमेंट, आयटी रिटर्न, सॅलरी स्लिप, ऑफिसचं रजेचं पत्र
- कव्हर लेटर, त्यात दिवसवार कुठे असणार ते
- आईसाठी पेन्शनचे कागद आणि खर्च मी करणार असं माझं पत्र

इथला सापळा असा की इटलीबरोबर अजून दोन देश करणार असाल तर ज्या देशात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा. आणि प्रत्येक रात्र म्हणजे खरंच प्रत्येक रात्र, आमच्या फाइलमध्ये रोमची एक रात्र राहिली होती, काउंटरवरच्या मुलीने ती बरोबर पकडली आणि मी तिथेच बाकावर बसून मोबाइलवरून बुकिंग केलं.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढा. पण माझं ऐकाल तर गाडी घेऊच नका. रस्ता अरुंद, वळणं आपल्या वरंधा घाटासारखी, समोरून अख्खी बस येते, सीझनमध्ये काही दिवस नंबरप्लेटचा सम-विषम नियम असतो, आणि पार्किंगचे दर बघून जेवण जात नाही.

३. कुठे राहायचं, आणि हॉटेलला विचारायचा एकच प्रश्न

अमाल्फी महाग आहे. बजेट कमी असेल तर शेजारचं आत्रानी बघा, पायी दहा मिनिटांवर, क्षेत्रफळाने इटलीतली सगळ्यात छोटी नगरपालिका, एका चौकात मावणारं गाव. मायोरी आणि मिनोरी त्यापुढे. आणखी स्वस्त हवं तर सालेर्नो शहर, तिथून रोज बोटीने येजा करता येते, पण मग संध्याकाळ हातची जाते आणि संध्याकाळ हेच इथलं खरं आहे. शेवटची बोट गेली की अर्ध्या तासात चौक रिकामा होतो, दुकानदार खुर्च्या बाहेर काढून बसतात, पोरं चर्चसमोर फुटबॉल खेळतात.

बुक करायच्या आधी मालकाला मेसेज करा आणि विचारा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती? "चौकापासून पाच मिनिटं" यावर विश्वास ठेवू नका, ती पाच मिनिटं उभी असू शकतात. हे गाव डोंगराला चिकटलेलं आहे, गल्ल्या म्हणजे जिनेच. आम्ही ज्या दोन ठिकाणी विचारलं त्यातल्या एकाने प्रामाणिकपणे १४० लिहिलं, आईने तो मेसेज वाचला आणि चष्मा काढून ठेवला. दुसरीकडे ३१ होत्या, ते घेतलं.

सिटी टॅक्स वेगळा द्यावा लागतो, माणशी दर रात्रीचा, आणि बऱ्याच ठिकाणी रोखच मागतात, तेव्हा थोडे सुट्टे युरो ठेवा.

४. बॅगेत काय

चाकांची मोठी सूटकेस नको. चाकं पायऱ्यांवर काही कामाची नाहीत आणि बोटीवर मोठ्या बॅगेचे जास्तीचे पैसे लागतात. आम्ही मोठ्या बॅगा रोममध्ये लगेज स्टोरेजला ठेवल्या आणि तीन दिवसांची पाठीवरची सॅक घेऊन आलो, सगळ्या ट्रिपमधला सगळ्यात शहाणा निर्णय.

घ्याच अशा गोष्टी: ग्रिप असलेले बूट, पाण्यात चालायच्या रबरी चपला (कारण पुढे सांगते), खांदे झाकायला ओढणी किंवा स्टोल, पाण्याची बाटली, गाडी लागणाऱ्यांसाठी एव्होमिन. खाऊ म्हणून चिवडा, खाकरा चालतो पण पेढे, बर्फी असं दुधाचं काही नेऊ नका, बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये नेता येत नाहीत. आईने डब्यात घातलेली बर्फी मी मुंबई एअरपोर्टवर खाल्ली, सगळी.

५. पोचायचं कसं

अमाल्फीला रेल्वे स्टेशन नाही. हे वाक्य दोनदा वाचा, कारण आमच्या ओळखीतलं एक जोडपं ट्रेनच्या ॲपवर अमाल्फी शोधत बसलं होतं.

आमचा रस्ता असा. रोमच्या विमानतळावरून तेर्मिनी स्टेशन, लिओनार्दो एक्सप्रेसने ३२ मिनिटं. तेर्मिनीहून फास्ट ट्रेनने सालेर्नो, साधारण दोन तास. आधी काढलं तर तिकीट बरंच स्वस्त पडतं. काही फास्ट ट्रेन नेपल्सलाच संपतात, म्हणून सालेर्नोपर्यंत जाणारी बघून घ्या. सालेर्नोला उतरलात की स्टेशनपासून पाचेक मिनिटं चालत पियात्सा देल्ला कॉन्कॉर्दिया, तिथून अमाल्फीची बोट, ३५ मिनिटांच्या आसपास.

आता सापळा. सालेर्नोला दोन धक्के आहेत. दुसरा मोलो मान्फ्रेदी, तो बऱ्यापैकी लांब. तिकिटावर कुठला लिहिलाय ते बघा. आम्ही बघितलं नाही, आणि सॅका घेऊन भर उन्हात समुद्राकाठाने पळालो, बोट समोरून सुटताना दिसली. बाकावर बसून संत्री खाल्ली आणि पुढची धरली.

दुसरं म्हणजे समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, त्याच दिवशी सकाळी कळतं. म्हणून परतीचं विमान असलेल्या दिवशी बोटीच्या भरवशावर राहू नका, एक रात्र आधीच रोम किंवा नेपल्सला पोचा.

बसचा पर्याय कायम आहे. कंपनीचं नाव सिता सूद, आईला वाटलं कोणी पंजाबी बाई आहे, सूद म्हणजे दक्षिण. तिकीट आधी काढायचं, पानटपरीसारखी दुकानं असतात, बाहेर मोठा 'टी' लिहिलेला असतो, त्यांना ताबाक्की म्हणतात, तिथे मिळतं. बसमध्ये चढल्यावर ते मशीनमध्ये घालून शिक्का मारायचा. सालेर्नोकडून येत असाल तर डावीकडे बसा, दुसऱ्या बाजूच्या सोरेंतो गावाकडून येत असाल तर उजवीकडे, समुद्र त्या बाजूला. ज्यांना गाडी लागते त्यांनी मात्र समुद्र विसरून पुढे बसायचं आणि सरळ रस्त्याकडे बघायचं. दुपारी मधल्या थांब्यांवर बस भरलेली येते, त्यामुळे शक्य तिथे जिथून बस सुटते तिथूनच चढा. अमाल्फीत बस अगदी धक्क्याजवळ, पियात्सा फ्लाव्हियो जोइयाला थांबते.

शिक्क्यावरून आठवलं, लोकल ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये शिक्का मारायचाच. नाही मारला तर दंड. "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर चेकरने दिवसातून शंभरदा ऐकलेलं असतं. आणि निघायच्या आठवड्यात संप आहे का बघा, इटालियनमध्ये शोपेरो, आधी जाहीर करतात.

६. गावात काय आणि कुठल्या क्रमाने

बस थांबते त्या चौकातला पुतळा फ्लाव्हियो जोइयाचा, होकायंत्र शोधणारा म्हणून. गंमत अशी की हा माणूस बहुधा झालाच नाही. सोळाव्या शतकातल्या एका लॅटिन वाक्यात "फ्लाव्हियोने असं सांगितलंय की अमाल्फीत होकायंत्राचा शोध लागला" असं होतं, स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला आणि सांगणारा फ्लाव्हियोच शोधणारा झाला. एका स्वल्पविरामावर पुतळा! पण अमाल्फीच्या खलाशांनी होकायंत्र वापरात आणलं हा मान गाव सोडत नाही.

पहिला दिवस चर्चचा ठेवा, आणि सकाळी लवकर. संत आंद्रेयाच्या कॅथेड्रलला ६२ पायऱ्या आहेत. आईने त्या तीन टप्प्यांत चढल्या, कोणाला घाई नव्हती. दर्शनी भाग जुना वाटतो पण तो १८६१ मध्ये पडझड झाल्यावर पुन्हा बांधलेला, १८९१ मध्ये पूर्ण झाला. खरं जुनं म्हणजे मधला ब्रॉन्झचा दरवाजा, अकराव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतून घेतलेला, इथल्या पांतालेओने नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने दिलेला. बहुतेक लोक त्याला पाठ करून सेल्फी काढतात. तुम्ही तोंड करून उभे रहा.

तिकीट काढून आधी कियोस्त्रो देल पारादिझो, म्हणजे मधे अंगण असलेली खांबांची ओवरी, बघायचं, १२६६ ते १२६८ च्या दरम्यान बांधलेलं, श्रीमंत घराण्यांचं दफनस्थान. जोडखांबांवर एकमेकांत गुंतलेल्या टोकदार कमानी आहेत, बघताक्षणी विजापूर, दौलताबाद असं काहीतरी मनात येतं आणि ते चूक नाही, अरब बांधकामाची छाप आहेच. खाली तळघरात संत आंद्रेयाचे अवशेष, कार्डिनल पिएत्रो कापुआनोने ते १२०८ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून आणले, चौथ्या क्रूसेडमध्ये (धर्मयुद्धात) ते शहर लुटलं गेल्यानंतर. आणले म्हणायचं की उचलले, ते तुम्ही ठरवा. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तिथे ओढणी लागते.

मग समुद्राजवळचं आर्सेनाले, जहाजं बांधायची जागा, दगडी कमानींचा लांबच लांब अंधारा हॉल. आज जो आहे तो अर्धाच, कारण नोव्हेंबर १३४३ मध्ये समुद्राने खालचं अर्धं गाव गिळलं, धक्का, गोदामं सगळं. त्याआधी ११३५ आणि ११३७ मध्ये पिसावाले लुटून गेलेच होते. हे कळलं की एवढं मोठं राज्य एवढ्याशा गावात कसं मावलं या प्रश्नाचं उत्तर मिळतं: मावलं नव्हतं, ते पाण्याखाली गेलं.

दुसरा दिवस चौकाकडे पाठ करून वर चालायचं. मुख्य रस्त्याच्या खालून कान्नेतो नदी वाहते, झाकून टाकलेली, वरच्या अंगाला गेलात की आवाज येतो. वाटेत गाढवाच्या डोक्याच्या नावाचं एक कारंजं आहे, त्याच्या पाण्यात छोट्या छोट्या बाहुल्यांचा ख्रिस्तजन्माचा देखावा मांडलेला, मुलं असतील तर तिथे अर्धा तास धरा. दुकानं विरळ होतात, चढ सौम्य आहे, पायऱ्या नाहीत, आणि शेवटाला कागदाचं म्युझियम येतं.

हे चुकवू नका. बाकी काही चुकलं तर चालेल. जुनी कागदगिरणीच आहे ही, पाण्याने चालणारे लाकडी हातोडे अजून आहेत, ते चालू करून दाखवतात, सुती नि लिननच्या चिंध्या कुटून लगदा व्हायचा, त्यात तारेची चौकट बुडवून उचलली की कागद. अरबांशी व्यापार करता करता ही विद्या इथे आली. लोकांचा त्या कागदावर विश्वास बसायला वेळ लागला, सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ मध्ये सरकारी दस्त कागदावर लिहायला बंदीच घातली, टिकणार नाही म्हणून. आमच्या वेळी गाइडने चौकट आईच्या हातात दिली आणि आईने पहिल्याच फटक्यात सारखा कागद उचलला. गाइडने विचारलं आधी केलंय का. आई मूळची संभाजीनगरची, लहानपणी दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हे काम उभं राहून बघितलेलं, तिने मराठीतच सांगितलं, आणि त्या बाईला बहुतेक समजलं.

पाय धड असतील तर तिथून पुढे व्हाले देल्ले फेर्रिएरे, दरीतली सावलीची वाट, पडके कारखाने, धबधबे. आम्ही थोडंच गेलो.

तिसरा दिवस राव्हेल्लो, बसने वर, समुद्रसपाटीपासून साडेतीनशे मीटरच्या आसपास. व्हिला रुफोलोची बाग बघा, जर्मन संगीतकार व्हागनर १८८० मध्ये इथे आला आणि त्याला आपल्या ऑपेरातली जादूची बाग सापडली. व्हिला चिंब्रोनेपर्यंत लांब चालायचं आहे पण गच्ची बघण्यासारखी. उतरताना आम्ही दोघं पायऱ्यांनी आत्रानीला आलो, आई बसने. आमच्या पोटऱ्या दोन दिवस बोलत होत्या.

७. समुद्रात उतरायचं असेल तर

आपल्या गुहागर, आंजर्ल्याची सवय डोक्यातून काढा. वाळू नाही, गोटे आहेत, तापलेले, म्हणून रबरी चपला. आणि किनाऱ्याचा बराचसा भाग पैसे देऊन, खुर्ची नि छत्री भाड्याने. फुकटचा तुकडा असतो, त्याला स्प्याज्जा लिबेरा म्हणतात, लहान आणि गर्दीचा, सकाळी नऊच्या आत गाठा. पाणी मात्र असं नितळ की पायाची नखं दिसतात.

८. खाणं, विशेषतः शाकाहारी लोकांसाठी

"व्हेजिटेरियन" म्हटल्यावर मासे चालतात असं काही जण धरून चालतात. म्हणून सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे म्हणा, मांस नको, मासे नको. आलिची किंवा अच्चूगे दिसलं मेनूत तर ते मासेच, आणि कोलातुरा नावाचा पदार्थ शेजारच्या चेतारा गावचा, खारवलेल्या माशांचा अर्क. कडक शाकाहारी असाल तर पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडायचं विरजण) असतं हेही माहीत असू द्या. मागवायला न्योक्की आल्ला सोरेंतीना (बटाट्याचे छोटे गोळे, टोमॅटो आणि चीजमध्ये), वांग्याची पार्मिज्याना, मार्गरीता पिझ्झा, कडक शाकाहारी असाल तर चीज कुठलं ते विचारून. मासे खाणाऱ्यांना काही सांगायची गरज नाही, शालातिएल्ली नावाचा जाड पास्ता शिंपल्यांबरोबर मागवा.

गोड म्हणजे देलित्सिया आल लिमोने, लिंबाच्या क्रीमचा छोटा केक. इथलं लिंबू स्फुसातो, लांबट, हाताएवढं, सालीसकट साखर लावून खातात. डोंगरावर त्याचे मळे चेस्टनटच्या खांबांच्या मांडवाखाली असतात, आणि पूर्वी बायका ती ओझी डोक्याखांद्यावर हजारो पायऱ्या उतरवायच्या, त्यांना फोर्मिकेल्ले म्हणायचे, म्हणजे मुंग्या. आई तिथल्या एका जिन्यावर दम खात बसली असताना हे ऐकलं आणि काही न बोलता उठली.

बिलावर कोपेर्तो लिहिलेलं दिसेल, ती माणशी बसायची रक्कम, फसवणूक नाही. कॉफी काउंटरवर उभं राहून प्यालात तर स्वस्त, टेबलावर बसलात तर वेगळा भाव. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली चौकातल्या कारंज्यावर भरा.

९. परतताना

परतीचं बसचं तिकीट आदल्या संध्याकाळीच घेऊन ठेवा, रविवारी सकाळी ताबाक्की बंद असू शकतं. लिमोनचेल्लोची (लिंबाच्या दारूची) बाटली चेक-इन बॅगेत, हँडबॅगेत टाकली तर सिक्युरिटीवाले ठेवून घेऊ शकतात. हातकागद घेतलात तर तो पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळून मागा, आम्ही सॅकमध्ये सपाट ठेवला आणि रोमपर्यंत त्याला माझ्या बुटाचा आकार आला होता.